पाण्यातला सूर्य

मंजुळा हे नाव ठेवलं तेव्हा
तिला ऐकू येत नाही हे कुणाला माहीत नव्हतं.
मग तेच राहिलं.

हर्णै बंदरावर ती मांदेली निवडते,
मी बर्फ विकतो.
चाळीस वर्षं शेजारी बसून
मला तिच्या शंभर-दीडशे खुणा येतात.
जेवलीस? चल. किती? बोट आली. आई रागावली.
बहुतेक विचारायच्या, नाहीतर हुकमाच्या.
तिला काय वाटतं, याची खूण
मी शिकलो नाही. कधी लागली नाही.

ती बाई मोंबासाची.
पुण्यात बहिऱ्यांचं कसलंसं शिबिर होतं,
त्यातून तीन दिवस काढून समुद्र बघायला आली.
झुहुरा, असं माझ्या पावतीबुकावर लिहिलंन.
मी मोठ्यानं वाचून दाखवलं,
कुणाला, देव जाणे.

दोघींनी आधी आपापली भाषा काढली,
भरभर, पाहुण्यांपुढे ठेवणीतली ताटं काढावीत तशी.
एकीचं दुसरीला बोटभरही कळेना.
तेव्हा ती ताटं त्यांनी परत फळीवर ठेवली.
मी म्हटलं, संपलं.

मंजुळानं हात हळू केले.
सुरमई म्हणजे नुसती बोटं नाहीत,
खांद्यापासून सगळा हात पोहत गेला.
झुहुरा दर वाक्याला भुवया उचलून थांबायची,
पोचलं?
नाही पोचलं तर दुसऱ्या वाटेनं यायची.
'नवरा' सांगायला तिला तीन वाटा लागल्या:
अंगठी, मिशी,
शेवटी तोंड उघडं टाकून झोपलेला, छातीचा भाता झालेला माणूस.
दोघींनीही घोरणं कधी ऐकलेलं नाही.
दोघी टोपलीला धरून हसल्या.

जाताना झुहुरानं आडव्या हाताचं पाणी केलं,
त्यावर मुठीचा सूर्य:
उद्या, इथेच.
मंजुळानं मान हलवली.

आमच्याकडे सूर्य पाण्यात जातो.
तिच्याकडे पाण्यातून निघतो.
समुद्र तोच, काठ पलीकडचा.
मूठ वर गेली की खाली,
रिक्षा सुटायच्या घाईत कुणी बघितलं?

ती पहाटे सहाला आली.
धक्क्यावर जाळी होती, कुत्री होती.
मंजुळा संध्याकाळी लिलाव सोडून
टोकाला जाऊन बसली, लग्नातली साडी नेसून.
दीपगृह लागेपर्यंत.
मांदेलीचा भाव पडला. रात्री
माझ्याशी हातानंही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर असताना भेटल्या
आणि भांडल्या.
भांडणाला कुठलीच वाट शोधावी लागली नाही.

मग झुहुरा एकदम गप्प झाली, म्हणजे हात खाली पडले.
ओल्या वाळूत बसली.
एक शिंपला अलीकडे, एक पलीकडे, मधे ओंजळभर पाणी.
मूठ मंजुळाच्या डोंगरामागून काढलीन,
पाण्यात बुडवलीन.
मग दुसऱ्या शिंपल्यापाशी पाण्यातून काढलीन,
डोंगरामागे नेलीन.
मंजुळा सुवर्णदुर्गापल्याड बघत राहिली,
जणू तिथे कुणीतरी पहाटेचं उठून बसलंय.

दोघींनी मिळून नवी खूण केली.
मूठ अर्धी पाण्यात, थांबलेली.
डोळे मिटत गेले तर संध्याकाळ,
उघडत गेले तर सकाळ.
ही खूण ना हर्णैची, ना मोंबासाची.

झुहुरा गेली. खूण राहिली.
काल मंजुळानं ती माझ्यापुढे केली.
मी करवत बर्फात तशीच ठेवून
तिच्या तोंडाकडे बघितलं. हातांकडेच बघायची सवय मला.
डोळे मिटत नव्हते,
उघडतही नव्हते.
मी हात पसरले: म्हणजे?

तिनं मांदेलीची पाटी बाजूला सारली.
हात पुसले.
आणि हळू केले,
खांद्यापासून, भुवया उचलून,
परदेशी माणसाशी बोलावं तसे.